बॅटरीवर चालणारा पहारा-कॅमेरा : निवड आणि वापर

पहाऱ्यावर नेमलेला माणूस झोपलेला आढळला, तर त्याची नोकरी जाते. परंतु गेल्या काही वर्षांत अनेक घरांच्या दारांवर, फाटकांवर आणि गोठ्यांच्या खांबांवर असा एक पहारेकरी येऊन बसला आहे, की जो दिवसाच्या चोवीस तासांपैकी बहुतेक सर्व काळ झोपेतच घालवतो, आणि तसा झोपतो म्हणूनच कामाचा ठरतो. हा पहारेकरी म्हणजे घराबाहेर भिंतीवर बसवावयाचा, बॅटरीवर चालणारा छोटा कॅमेरा होय.

ह्या कॅमेऱ्याचे आकर्षण उघड आहे. त्याला विजेची तार लागत नाही. भिंतीत खाच पाडावी लागत नाही. दोन स्क्रू बसवले, घरातील वायफायशी जोडणी केली, की काम झाले. भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला किंवा वस्तीपासून दूर मळ्यात घर असलेल्या शेतकऱ्याला ही सोय फार मोलाची वाटते. परंतु विकत घेणाऱ्यांपैकी पुष्कळांची अशी समजूत असते, की आता दारावर अहोरात्र एक डोळा उघडा आहे. ही समजूत चुकीची असते आणि ती बहुधा चोरी झाल्यावरच दूर होते. हा डोळा मिटलेला असतो. काही विशिष्ट कारण घडले तरच तो उघडतो. ते कारण कोणते, आणि ते केव्हा घडूनही डोळा उघडत नाही, हे ज्याला समजले त्याला कॅमेरा कोणता घ्यावा व कोठे लावावा हे निराळे सांगावे लागत नाही.

घराच्या दारावर कॅमेरा बसवण्याची कल्पना तशी जुनी आहे. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ह्या परिचारिकेने आपले पती आल्बर्ट ब्राउन ह्यांच्यासह १९६६ साली अशा योजनेच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १९६९ च्या डिसेंबरात ते एकस्व त्यांना मिळाले. दारात निरनिराळ्या उंचीवर चार भोके, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, शयनगृहात चित्र दाखवणारा पडदा, आणि बाहेरच्या माणसाशी बोलण्याची सोय, असे तिचे स्वरूप होते. रात्रीबेरात्री दार वाजले तर ते न उघडता बाहेर कोण आहे हे कळावे, एवढीच त्या बाईंची गरज होती. तो कॅमेरा घरातील विजेवर चालणारा होता. तार काढून टाकून बॅटरीवर कॅमेरा चालवणे शक्य होण्यास आणखी बराच काळ जावा लागला. १९९१ साली बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी आणि अगदी थोडी वीज खाणारे चित्रग्राहक ह्यांच्यामुळे ते शक्य झाले. त्या बॅटरीच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो ह्यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ऊर्जेचा हिशेब

बॅटरी कितीही चांगली असली, तरी तिच्यात साठणारी ऊर्जा मोजकीच असते. एक उदाहरण घेऊ. ३·६ व्होल्ट दाबाची आणि ५,२०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी ही ह्या कॅमेऱ्यांत नेहमी आढळण्यासारखी आहे. तिच्यात सुमारे १८·७ वॉट-तास, म्हणजे सुमारे ६७,३०० ज्यूल ऊर्जा असते. कॅमेरा जागा असताना, म्हणजे चित्र घेणे, ते आवळून लहान करणे आणि वायफायवरून पाठवणे ही कामे चालू असताना, त्याला दीड वॉट शक्ती लागते असे मानू. सतत जागे ठेवल्यास ही बॅटरी साडेबारा तासांत रिकामी होईल. सकाळी बसवलेला कॅमेरा रात्री, नेमका हवा त्या वेळी, बंद पडेल.

आता कॅमेऱ्याला झोपू द्यावे. झोपेत त्याला अडीच सहस्रांश वॉट एवढीच शक्ती लागते असे धरले, तर दिवसाला २१६ ज्यूल खर्च होतात. प्रत्येक जागरण वीस सेकंदांचे मानल्यास त्याला ३० ज्यूल लागतील. दिवसातून पाच वेळा जाग आली, तर एकूण खर्च ३६६ ज्यूल होतो आणि बॅटरी सुमारे १८४ दिवस, म्हणजे सहा महिने, टिकते. खोक्यावर छापलेले 'सहा महिने' बहुधा अशाच हिशेबातून आलेले असतात. परंतु तोच कॅमेरा रहदारीच्या गल्लीकडे तोंड करून लावला आणि दिवसातून शंभर वेळा जागा झाला, तर खर्च ३,२१६ ज्यूलांवर जातो आणि सहा महिन्यांची बॅटरी तीन आठवड्यांत संपते. बॅटरीत दोष नाही. विक्रेत्याने असत्य सांगितले असेही म्हणता येत नाही. मात्र त्याने दिवसातून किती जागरणे धरली हे सांगितलेले नसते. खरेदी करताना विचारण्याचा पहिला प्रश्न हाच होय.

ह्या हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. ज्या ठिकाणी विजेची तार नेणे शक्य आहे आणि सतत नोंद हवी आहे, उदाहरणार्थ दुकानाचा दर्शनी भाग किंवा वाहनतळ, तेथे बॅटरीचा कॅमेरा घेणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे. तेथे तारेचा कॅमेरा स्वस्तही पडतो आणि झोपतही नाही.

उष्णतेने उघडणारा डोळा

झोपलेल्या कॅमेऱ्याला जागे कोण करते? त्याच्या भिंगाखाली एक पांढुरकी, दुधट रंगाची प्लॅस्टिकची खिडकी असते. पुष्कळजण तिला दिवा समजतात. तिच्यामागे एक संवेदक बसवलेला असतो आणि तोच खरा पहारेकरी होय.

प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानानुसार अदृश्य उष्णताकिरण बाहेर टाकीत असतो. विल्यम हर्शेल ह्यांनी १८०० साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवून ह्या अवरक्त किरणांचा शोध लावला. माणसाच्या त्वचेचे तापमान सुमारे ३३ अंश सेल्सिअस असते आणि तिच्यातून निघणारे किरण साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत प्रबळ असतात. काही स्फटिकांचा असा गुण आहे, की ते तापले किंवा निवले म्हणजे त्यांच्या दोन बाजूंवर विरुद्ध विद्युत्‌भार उत्पन्न होतात. गरम केलेला तोरमल्लीचा खडा राखेचे कण ओढून घेतो, हे अठराव्या शतकाच्या आरंभीच युरोपात माहीत झाले होते. ह्या गुणाला डेव्हिड ब्रूस्टर ह्यांनी १८२४ साली जे नाव दिले, त्यास मराठीत उत्तापविद्युत् म्हणतात. कॅमेऱ्यातील संवेदकात अशाच पदार्थाचे दोन इवले तुकडे शेजारी शेजारी, परंतु परस्परांविरुद्ध जोडलेले असतात. सारे अंगण एकदम तापले, तर दोन्ही तुकडे सारखेच तापतात आणि त्यांचा परिणाम एकमेकांस नाहीसा करतो. मात्र एखादा उष्ण देह अंगणातून चालत गेला, तर त्याचे किरण आधी एका तुकड्यावर व मग दुसऱ्यावर पडतात. त्या फरकातून एक क्षीण विद्युत्‌लहर निर्माण होते आणि तीच कॅमेऱ्याला हलवून उठवते. दुधट खिडकीवर कोरलेली चौकटींची नक्षी म्हणजे चपट्या भिंगांचा समूह होय. फ्रान्समधील फ्रेनेल ह्यांनी १८२० नंतरच्या काही वर्षांत दीपगृहांसाठी जी पायऱ्यापायऱ्यांची भिंगे बनवली, त्यांचेच हे नातवंड आहे. दीपगृहातील भिंग प्रकाश बाहेर फेकते. हे भिंग अंगणातील उष्णता आत गोळा करते.

हा संवेदक प्रकाशावर अवलंबून नाही, म्हणून गडद अंधारातही काम करतो. स्वतः तो काहीच किरण बाहेर टाकीत नाही, म्हणून त्याला वीजही नाममात्र लागते. परंतु त्याच्या रचनेतच त्याच्या मर्यादा आहेत आणि त्या जाणून घेणे अगत्याचे आहे.

त्याला आडवी हालचाल चांगली कळते, सरळ समोरून येणारी कळत नाही. एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर सरकणारी उष्णता त्याला हवी असते; संवेदकाच्या रोखाने सरळ चालत येणारा माणूस दोन्ही तुकड्यांवर जवळजवळ सारखाच परिणाम करतो. म्हणून फाटकापासून दारापर्यंत सरळ पाऊलवाट असेल, तर दारावर मध्यभागी बसवलेला कॅमेरा माणूस अगदी जवळ येईपर्यंत झोपून राहू शकतो. तोच कॅमेरा ओसरीच्या कोपऱ्यात, पाऊलवाट त्याच्यासमोरून आडवी जाईल अशा रीतीने लावल्यास पुष्कळ आधी जागा होतो. शिवाय जाग येऊन नोंद सुरू होण्यास थोडा वेळ लागतो. काही कॅमेऱ्यांत तो एका सेकंदाहूनही अधिक असतो. तेवढ्यात धावणारा माणूस तीनचार मीटर पुढे गेलेला असतो आणि चित्रात त्याची केवळ पाठ येते. म्हणून जेथून माणूस झटकन निघून जाईल अशा अरुंद बोळाच्या तोंडाशी हा कॅमेरा लावू नये. जेथे त्याला काही क्षण थांबावे लागते, कडी काढावी लागते, पायरी चढावी लागते, तेथे लावावा.

साधी काच ह्या लांब तरंगलांबीच्या किरणांना आरपार जाऊ देत नाही. त्यामुळे खिडकीच्या आतून बाहेर रोखलेला बॅटरीचा कॅमेरा डोळ्यांस कितीही नीट दिसला, तरी बाहेरच्या माणसाने तो जागा होणार नाही. पावसापासून बचाव म्हणून तो काचेमागे ठेवणारे लोक त्याला, नकळत, आंधळा करीत असतात.

उन्हाळ्यातील अंधत्व

भारतासारख्या देशात ह्या संवेदकाची सर्वांत मोठी उणीव उन्हाळ्यात प्रकट होते, आणि माहितीपत्रकांत तिचा उल्लेख क्वचितच असतो. संवेदक उष्णता मोजत नाही. माणूस आणि त्याच्यामागची पार्श्वभूमी ह्यांच्या तापमानांतील फरक तेवढा ओळखतो. शिमल्याच्या हिवाळ्यात मागची भिंत ५ अंशांवर असते आणि माणूस तिच्यापुढे निखाऱ्यासारखा उठून दिसतो. नागपूर, जयपूर किंवा विजयवाडा येथे मे महिन्यात गोष्ट निराळी असते. दिवसभर तापलेली भिंत किंवा फरसबंदी दुपारी माणसाच्या त्वचेहून बरीच अधिक उष्ण असते. तेव्हा संवेदकाला माणूस 'थंड' म्हणून का होईना, पण दिसतो. सूर्य मावळल्यावर भिंत निवू लागते. आणि निवता निवता ती ३५ ते ३३ अंशांच्या आसपास आली, की माणूस आणि भिंत संवेदकाच्या दृष्टीने जवळजवळ एकच होतात. ही वेळ बहुधा संध्याकाळची किंवा रात्रीच्या पहिल्या प्रहराची असते. घरातली माणसे गच्चीवर किंवा शेजारी गप्पांत असतात, दार नुसते लोटलेले असते आणि दारावरचा पहारेकरी, बॅटरी पूर्ण भरलेली असूनही, डोळा उघडत नाही. चेन्नई किंवा मुंबईसारख्या दमट किनाऱ्यावर रात्रीही भिंती फारशा निवत नाहीत. तेथे हा फरक महिनोन् महिने तुटपुंजा राहतो. आठदहा मीटरांवरून माणूस ओळखणारा संवेदक अशा वेळी निम्म्या अंतरावरूनही जागा होईल असा भरवसा धरता येत नाही.

ह्यावर उपाय आहेत. जेथे उन्हाळा कडक आहे तेथे, उष्णतासंवेदकाच्या जोडीला सूक्ष्मलहरींचा रडार-संवेदक असलेला कॅमेरा घेणे बरे. हा दुसरा संवेदक स्वतः लहरी सोडतो आणि हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरींच्या वारंवारतेतील बदल ओळखतो. त्याला तापमानाशी कर्तव्य नसते, आणि गंमत अशी, की पहिल्याला न कळणारी समोरून येणारी हालचालच ह्याला अधिक चांगली कळते. तो वीज थोडी जास्त घेतो. तो खर्च सोसावा. असा कॅमेरा परवडत नसेल, तर संवेदकासमोर दिवसभर तापणारी पश्चिमाभिमुख भिंत येणार नाही, मागे झाडी किंवा सावलीतील माती येईल, अशी जागा निवडावी. उन्हाळ्यात संवेदनक्षमता वाढवावी आणि हिवाळ्यात कमी करावी.

खोट्या जागरणांचा त्रास ह्याच्या उलट प्रकारचा आहे. वातानुकूलकाच्या बाहेरच्या पेटीतून येणारा गरम झोत, उन्हात तापून वाऱ्याने हलणारी केळीची पाने, तापलेल्या इंजिनासह येणाऱ्या मोटारी, मांजरे, आणि उत्तर भारतातील अनेक शहरांत माकडे, ही सारी कॅमेऱ्याला उठवतात. जंगलात वन्य प्राण्यांची छायाचित्रे घेणारे कॅमेरेही बहुधा ह्याच तत्त्वावर चालतात. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे घेतली. त्यांत वाघांची होती ७६,६५१, म्हणजे हजारी दोनच. वनसंशोधकाला बाकीची छायाचित्रेही उपयोगी असतात. गृहस्थाला मात्र दिवसातून साठ वेळा मोबाइल वाजल्यावर त्याकडे पाहण्याचा कंटाळा येतो, आणि एकसष्टाव्या वेळी खरेच कोणी आलेले असते. नोंदीचे क्षेत्र आवळून रस्ता त्यातून वगळणे आणि माणूस व प्राणी ह्यांत भेद करणारी सोय चालू ठेवणे हे बॅटरीसाठी जितके हिताचे, तितकेच घरच्यांचे लक्ष टिकून राहण्यासाठीही हिताचे असते.

चित्र किती स्पष्ट हवे

विक्रीच्या वेळी सर्वांत मोठ्याने सांगितला जाणारा आकडा चित्रबिंदूंचा असतो. तो अपुरा आहे. अनोळखी माणूस चित्रावरून निश्चित ओळखता यावा, यासाठी त्याच्या ठिकाणी रुंदीच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे २५० बिंदू पडले पाहिजेत, असे आंतरराष्ट्रीय मानकात धरले आहे. समजा, चित्राची रुंदी १,९२० बिंदूंची आहे आणि भिंगाचा आडवा कोन ११० अंशांचा आहे. हिशेब केल्यास असे दिसते, की चेहरा ओळखण्याइतकी स्पष्टता केवळ २·७ मीटरपर्यंतच मिळते. बिंदूंची रुंदी २,५६० केली, तरी हे अंतर ३·६ मीटरच होते. उलट बिंदू तेवढेच, १,९२०, ठेवून कोन ६० अंशांचा घेतला, तर ते सहा मीटरांच्या पुढे जाते. सारे अंगण एका चित्रात सामावणारे भिंग पाहण्यास सुखद असते, पण त्यात फाटकापाशी उभा असलेला माणूस म्हणजे केवळ एक आकृती असते. घरात कोण शिरले हे सिद्ध करावयाचे असेल, तर एका रुंद कॅमेऱ्यापेक्षा दाराजवळचा एक अरुंद कोनाचा कॅमेरा अधिक उपयोगी पडतो.

रात्रीसाठी ह्या कॅमेऱ्यांत अवरक्त दिवे असतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे दूरवर पोचतात, मात्र अंधारात त्यांची मंद तांबूस चमक दिसते. ९४० नॅनोमीटरचे दिवे मुळीच दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी असतो. अशा उजेडात घेतलेल्या चित्रात रंग नसतात, आणि एक चकवाही असतो: डोळ्यांना काळे दिसणारे पुष्कळसे कापड अवरक्त प्रकाश परावर्तित करते आणि चित्रात पांढुरके दिसते. चित्रात फिक्या सदऱ्याचा माणूस दिसला म्हणून काळा सदरा घातलेल्यास निर्दोष मानणे, किंवा उलट करणे, धोक्याचे आहे.

वायफाय, वीज आणि हवा

कॅमेरा बॅटरीवर असला, तरी त्याचा निरोप ज्या राउटरमधून जातो तो राउटर भिंतीतल्या विजेवर असतो. वीज गेली की राउटर बंद पडतो, आणि ज्या अंधारासाठी कॅमेरा घेतला त्याच अंधारात त्याचा आवाज बंद होतो. म्हणून कॅमेऱ्यात स्मृतिपत्र, ज्यास सामान्यतः मेमरी कार्ड म्हणतात, असलेच पाहिजे आणि राउटरला छोटी बॅटरी-जोडणी द्यावी. दूरच्या साठ्यात चित्रे ठेवण्यासाठी दरमहा वर्गणी घेणारे कॅमेरे पुष्कळ आहेत. वर्गणी थांबल्यावर कॅमेऱ्याचे कोणते काम चालू राहते, हे घेण्याआधी विचारून घ्यावे. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी २·४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतीतून अधिक चांगली जाते, आणि बॅटरीचे अनेक कॅमेरे केवळ तीच वापरतात. कोकणातील जाड जांभ्या दगडाची भिंत किंवा लोखंडी सळयांचा स्लॅब मध्ये आला, की लहरी दुबळ्या होतात. मग तेच चित्र पाठवण्यास कॅमेऱ्याला अधिक वेळ जागावे लागते आणि बॅटरी लवकर संपते. शेतावर, जेथे वायफाय नाही, तेथे मोबाइलचे सिम घालावयाचे कॅमेरे वापरतात.

सौर पट्टी जोडण्याचा मोह योग्यच म्हणावा लागेल. तीन वॉटची छोटी पट्टी चार तास चांगले ऊन मिळाल्यास, निम्मी ऊर्जा वाया गेली असे धरूनही, दिवसाला २१,६०० ज्यूल देते. शंभर जागरणांच्या खर्चाच्या हे सहापटींहून अधिक आहे. तीच पट्टी कोकणात किंवा मेघालयात आषाढातल्या ढगांखाली एकदशांशावर आली, तर २,१६० ज्यूल उरतात. गजबजलेल्या दारास ते पुरत नाहीत, शांत दारास पुरतात. आपल्या देशात पट्टीचे तोंड दक्षिणेकडे आणि तिचा कल साधारण त्या गावाच्या अक्षांशाएवढा ठेवावा: दिल्लीस २८ अंश, मुंबईस १९. धूळ महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावी.

पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा आयपी ह्या अक्षरांपुढील दोन आकड्यांनी दाखवतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६५ चा अर्थ धूळ मुळीच शिरत नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. ६७ चा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही टिकतो. छज्जाखाली ६५ पुरे. मात्र चार्जिंगच्या छिद्रावरील रबरी झाकण नीट बसलेले नसेल, तर कोणताही आकडा निरर्थक ठरतो. पागोळ्या थेट भिंगावर पडतील अशी जागाही टाळावी.

लिथियम बॅटरीला ऊन आणि थंडी दोन्ही सोसत नाहीत. साधारणतः ० ते ४५ अंशांच्या दरम्यानच ती चार्ज करावी. शून्याखाली चार्ज केल्यास लिथियम धातूचा थर आत साचू लागतो, क्षमता कायमची घटते आणि आतल्या आत जोडणी होऊन आग लागण्याचा संभव निर्माण होतो. म्हणून लेह येथे किंवा श्रीनगरच्या ऐन हिवाळ्यात बॅटरी घरात आणून, ती ऊबदार झाल्यावरच चार्ज करावी. तेथे काढघाल करता येणारी बॅटरी आणि तिचा एक जोड जवळ असणे सोयीचे. राजस्थानच्या उन्हात काळ्या रंगाचा कॅमेरा थेट ऊन लागेल असा लावू नये. फुगलेली बॅटरी दाबू नये, भोसकू नये, कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

कुलूप, शेजारी आणि न्यायालय

कॅमेरा हा एक लहानसा संगणक आहे, आणि त्यालाही कुलूप लागते. २०१६ साली मिराई नावाच्या घातक आज्ञावलीने कारखान्यातून आलेले मूळ परवलीचे शब्द न बदललेले असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्याकरवी ऑक्टोबरात अमेरिकेतील अनेक मोठ्या संकेतस्थळांचा मार्ग काही तास रोखून धरला. ज्यांचे कॅमेरे होते त्यांना ह्याचा पत्ताही नव्हता. मूळ शब्द पहिल्याच दिवशी बदलावा, दुहेरी पडताळणी चालू करावी आणि कित्येक वर्षांत सुधारित आज्ञावली न मिळालेला स्वस्त कॅमेरा घेऊ नये. भारत सरकारने २०२४ साली काढलेल्या आदेशाने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षिततेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या असून एप्रिल २०२५ पासून ती सक्ती अमलात आली आहे. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण पाहूनच खरेदी करावी.

शेजाऱ्याचे दार, खिडकी किंवा न्हाणीघराचा आडोसा चित्रात येऊ देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ चा वैयक्तिक माहितीविषयक कायदा केवळ घरगुती कारणासाठी व्यक्तीने केलेल्या नोंदींना लागू होत नाही हे खरे. परंतु त्यामुळे शेजाऱ्याचा मूळ हक्क संपत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा ठराविक भाग काळा करून टाकण्याची सोय असते, ती वापरल्यास तंट्याचे कारणच उरत नाही. कामाला येणाऱ्या बाईंना व दूधवाल्यालाही दारावर कॅमेरा असल्याचे सांगून ठेवणे सभ्यपणाचे आहे.

कॅमेरा जमिनीपासून दोन ते अडीच मीटर उंचीवर, किंचित खाली झुकवून लावावा. चुंबकावर चिकटवलेला कॅमेरा चोर सहज उपटून नेतो, आणि त्याच्यासह आतले स्मृतिपत्रही जाते. म्हणून तो स्क्रूने पक्का करावा. त्यानंतर घरातील कोणी फाटकातून, कुंपणावरून आणि मागच्या दाराने, संध्याकाळी व रात्री, चालून पाहावे आणि कोणत्या पावलाला नोंद सुरू होते ते लिहून ठेवावे. हीच परीक्षा जानेवारीत एकदा आणि मे महिन्यात एकदा करावी. दोन्ही वेळचे अंतर निरनिराळे निघेल.

चोरी झालीच, तर नोंद त्याच दिवशी वेगळी काढावी. भरलेल्या स्मृतिपत्रावर नवी नोंद जुनीला पुसून टाकते, आणि दूरच्या साठ्यातही ती काही दिवसच राहते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशी नोंद न्यायालयात मांडताना तिच्यासोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून मूळ स्मृतिपत्र न कापता, न सुधारता, पाकिटात घालून बाजूला ठेवावे, कॅमेऱ्यात दुसरे घालावे, आणि कॅमेऱ्याचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटे पुढे किंवा मागे आहे ते पाकिटावर लिहून ते पोलिसांच्या हाती पोच घेऊन द्यावे.